न उघडणारा फोटो

१

कय्यूमला गुन्हेगार ठरवणारा फोटो ठाणेदारांनी टेबलावरच्या काचेखाली सरकवून ठेवला होता. तपास आटोपला, आता फक्त फ्रेम करायची बाकी आहे, असाच एकूण थाट. फोटोत कय्यूमच्या कृषी केंद्राचा काउंटर, काउंटरमागे कय्यूम, आणि काउंटरपुढे दयाराम. दयारामच्या हातात लेबल नसलेली पांढरी बाटली. फोटो इतका सोयीचा होता की बघणाऱ्याला पुढे काही विचारावंसंच वाटू नये. अन्नपूर्णाबाईंना नेमकं तेच खटकलं.

अन्नपूर्णाबाई गावातल्याच, पण सारी नोकरी नागपूरच्या प्रयोगशाळेत झालेली. गुन्ह्यात जप्त केलेले मोबाइल आणि कॉम्प्युटर उघडून त्यांच्या पोटातलं बाहेर काढायचं, हा त्यांचा धंदा. निवृत्त होऊन डोणगावजवळच्या कोथळखेडला परतल्या, तर गावानं समजूत करून घेतली की बाई विजेवर चालणारं काहीही दुरुस्त करतात. लोक मिक्सर घेऊन यायचे. आज मात्र कय्यूमची बायको कौसर मिक्सर घेऊन आली नव्हती. ती नवऱ्याची अब्रू घेऊन आली होती.

प्रकरण साधं होतं आणि वाईट होतं. त्या साली, म्हणजे २०१७ च्या हंगामात, बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी शिरली. जिला ही कपाशी पचणार नाही असं सांगून बियाण्याच्या थैल्या विकल्या, तीच अळी बोंडात बसून सरकी खात होती. माणसं बावरली आणि मिळेल ते फवारू लागली. गावातले मोठे शेतकरी रंगराव यांच्या कपाशीत फवारता फवारता दयाराम हा मजूर चक्कर येऊन पडला आणि दवाखान्यात पोचण्याआधीच गेला. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाटली सापडली. तिच्यावर ना नाव, ना गाव. असलं औषध विकायला कोणालाच परवानगी नव्हती.

तेरवी झाली आणि हा छापील फोटो दयारामच्या बायकोला, जनकाबाईंना, दाराच्या चौकटीत खोचलेला मिळाला. त्या तो घेऊन ठाण्यात गेल्या. कय्यूमला उचललं. उद्या त्याला पुन्हा कोर्टात उभं करायचं होतं, आणि हा फोटो पाहिल्यावर त्याला लवकर बाहेर सोडेल असा न्यायाधीश कौसरला दिसत नव्हता.

"साहेब," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "दयारामचे डोळे बघा. उन्हात उभा असल्यासारखे बारीक केलेत. नाकाची सावली डावीकडे. कय्यूम मात्र टिनाखाली, ट्यूबलाइटमध्ये. एका दुकानात दोन उजेड कसे?"

"मॅडम, उजेडावर केस उभी राहत नाही." ठाणेदार माणूस बरा होता, पण वरून फोन येत होते. "मी गावात सांगितलं, ज्यानं फोटो काढला त्यानं मूळ फाइल आणून द्यावी. दुसऱ्या दिवशी तक्रारपेटीत पेन ड्राइव्ह. पण खराब निघाला. फोटो उघडतच नाही."

"उघडत नाही म्हणजे खराब आहे, हे कोणी ठरवलं?"

ठाणेदारांनी उत्तराऐवजी पेन ड्राइव्ह पुढे केला.

फाइल एकच होती. नाव 'फोटो', शेवटी टिंब आणि जेपीजी. अन्नपूर्णाबाईंनी ती फोटो म्हणून उघडलीच नाही. फाइलच्या पोटातले आकडे आणि अक्षरं जशीच्या तशी दाखवणारा एक छोटा प्रोग्राम त्यांनी लावला आणि फक्त पहिली ओळ वाचली.

"साहेब, पेन ड्राइव्ह ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "फक्त ही फाइल जेपीजी नाहीच."

२

नाव कोणीही बदलू शकतं. पण प्रत्येक जातीच्या चित्राच्या फाइलला जन्मतःच कपाळावर एक खूण असते. जेपीजी असेल तर सुरुवात 'एफएफ, डी-आठ, एफएफ' अशी. पीएनजी असेल तर पहिल्या आकड्यापाठोपाठ सरळ 'पी, एन, जी' ही अक्षरंच दिसतात. जीआयएफ आपलं नाव सांगतच जन्माला येते. माणूस बाहेरचं नाव बदलतो, कपाळावरची खूण बदलायचं त्याच्या ध्यानातही येत नाही. अन्नपूर्णाबाईंनी या एका माहितीवर कितीतरी शहाण्यांना घाम फोडला होता.

या फाइलच्या कपाळावर होतं 'आठ, बी, पी, एस'.

"म्हणजे?" ठाणेदारांनी विचारलं.

"म्हणजे कॅमेऱ्यानं हे कधी पाहिलेलं नाही. लग्नाचे अल्बम आणि बॅनर ज्या सॉफ्टवेअरमध्ये करतात, त्याची ही कच्ची फाइल. तिच्यात थरावर थर असतात. ती उघडायला तेच सॉफ्टवेअर पाहिजे, ते तुमच्याकडे नाही. संध्याकाळपर्यंत मला वेळ द्या."

ठाणेदारांनी एक हवालदार आणि फाइलची प्रत बरोबर दिली. निघण्याआधी त्या कोठडीशी गेल्या. कय्यूम भिंतीला टेकून बसला होता. नमाजासाठी मागितलेली चटई नीट घडी करून बाजूला ठेवलेली.

"कय्यूम, दयाराम त्या आठवड्यात दुकानात आला होता का?"

"नाई मावशी." उत्तर फार झटकन आलं. "आलाच नाई."

एवढं बोलून तो खाली बघू लागला. खोटं बोलणारी माणसं अन्नपूर्णाबाईंनी आयुष्यभर पाहिली होती. कय्यूमला ते काम मुळीच जमत नव्हतं.

बाहेर कौसर पदराचं टोक पिळत उभी होती. अन्नपूर्णाबाईंनी तिला एका बाजूला घेतलं. "हे पाय कौसर, मी तुह्या बाजूनं हाये म्हणून खोटं पुढं ढकलीन असं नाई. दयाराम आलता का नाई?"

कौसरनं हातातलं पदराचं टोक सोडलं. मग म्हणाली, "आलता, मावशी. आदल्या दिवशी. मी चाय घेऊन गेलती तवा तो काउंटरपाशीच उभा होता."

३

आता मोठी पंचाईत झाली. फोटो खोटा आणि आरोपीही खोटा. अन्नपूर्णाबाईंना क्षणभर वाटलं, घरी जावं आणि मिक्सर दुरुस्त करत बसावं. पण खोटा फोटो करणाऱ्यानं काहीतरी झाकण्यासाठी एवढी खटपट केली होती, आणि ते काय हे कळल्याशिवाय त्यांना झोप येणार नव्हती. "तो काऊन खोटं बोलला ते तोच सांगीन," त्या कौसरला म्हणाल्या. "आधी फोटूचं पाहू."

कौसरला त्याआधी एक काम उरकायचं होतं. दुकानाचा परवाना का रद्द करू नये, याचं उत्तर आजच्या आज पोर्टलवर टाकायचं होतं. म्हणून दोघी पुंजाजींच्या ऑनलाइन केंद्रात गेल्या. पुंजाजी पूर्वी तहसीलबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे. आता कॉम्प्युटर घेऊन बसतात. कर्जमाफीच्या अर्जांच्या त्या दिवसांत अख्खं गाव त्यांच्या दारात रांग लावून बोंडअळीला शिव्या देत बसलेलं असायचं. पासपोर्ट फोटोही तेच करून द्यायचे. फोटो कापायचा, निळ्या पडद्यावर चिकटवायचा आणि छापायचा, इतकंच शिक्षण, पण गावाला पुरेसं.

"या वहिनी," पुंजाजी उठून उभे राहिले. "रांगीत नका उभ्या राहू. तुमच्यावर प्रसंग हाये. दुकानाचे कागद मागच्या वर्षी मीच टाकले होते, फोटूसकट. काई काळजी नका करू."

त्यांनी परवाना स्कॅन केला आणि पोर्टलवर चढवला. पोर्टलनं लाल अक्षरात नकार दिला.

"हे फक्त जेपीजीच घेते. स्कॅनर देते पीएनजी." पुंजाजी हसले. त्यांनी फाइलच्या नावावर जाऊन शेवटची तीन अक्षरं खोडली आणि तिथं जेपीजी टाइप केलं. "घ्या, झाली जेपीजी. दिवसभर हेच करतो मी."

पोर्टलनं मुकाट्यानं कागद घेतला. तेही बिचारं नावच वाचत होतं. अन्नपूर्णाबाईंनी पुंजाजींचे आभार मानले. कौसरचे डोळे भरून आले, कारण सकाळपासून तिच्याशी सरळ बोललेला हा पहिला माणूस होता.

पलीकडेच कामरानचं खताचं दुकान. कय्यूमचा आणि याचा उभा दावा. कय्यूम आत गेल्यापासून याच्या दुकानात गर्दी होती, म्हणून गावात याचंच नाव कुजबुजलं जात होतं. अन्नपूर्णाबाईंनी त्याला आडून विचारलं नाही.

"कामरान, फोटू तू केला का?"

कामराननं खिशातून फोन काढून काउंटरवर ठेवला. बटणांचा, रबर बँड लावलेला. "याच्यानं मी फोन लावतो अन् उचलतो. नाव वाचता येत नाई म्हणून लोकाईचे नंबरच पाठ हायेत. मी फोटू करीन?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मावशी, कय्यूमचं अन् माह्यं पटत नाई. पण एक गोष्ट दोघाईलेबी जाचून राह्यली होती. गावात कोणीतरी बिनबिलाच्या बाटल्या विकून राह्यलं. मलकापूरहून येते म्हणे. दोघाईचंबी गिऱ्हाईक तिकडं जाऊन राह्यलं होतं."

"कोण विकते?"

"तेच तं कोणी सांगत नाई. घेणाराबी गुन्ह्यात येते ना."

४

गावात ते सॉफ्टवेअर नीट चालवणारा एकच माणूस होता, प्रेम. फोटो स्टुडिओ त्याचाच, बॅनरही तोच करायचा. म्हणजे फाइल उघडायची ती पहिल्या नंबरच्या संशयिताच्या कॉम्प्युटरवर. हवालदारानं भुवया वर केल्या. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "उलट बरं आहे. फाइल उघडताना मला फाइल बघायची नाही, त्याचं तोंड बघायचंय."

स्टुडिओच्या बाहेर चौकात दयारामचा श्रद्धांजलीचा बॅनर अजून लटकत होता. रंगरावांनी लावलेला. वर दयारामचा चेहरा, खाली झेंडूच्या माळा आणि समई, आणि कोपऱ्यात रंगरावांचा स्वतःचा फोटो, तो दयारामपेक्षा थोडा मोठाच. अन्नपूर्णाबाई बॅनरखाली थांबल्या. दयारामनं डोळे बारीक केले होते. नाकाची सावली डावीकडे होती. उजव्या खांद्यावर दुपट्टा होता. ठाणेदारांच्या काचेखालचा दयाराम आणि हा दयाराम यांच्यात केसाचाही फरक नव्हता.

आत जाऊन त्यांनी फाइलच्या नावातलं शेवटचं जेपीजी खोडून तिथं खरी जात लिहिली. फाइल मुकाट उघडली. पडद्यावर तोच फोटो, आणि बाजूला दोन थरांची यादी. खालचा थर कय्यूमचं दुकान, वरचा दयाराम. एका टिचकीनं दयाराम नाहीसा झाला आणि कय्यूम रिकाम्या काउंटरमागे एकटाच उभा राहिला.

प्रेमच्या कपाळावर घाम आला, पण तो घाबरलेला दिसला नाही. खरं तर तो चिडला.

"मावशी, हे कापणं माह्यं हाये. कानापाशी पाहा, मी असंच गोल घेतो. बॅनरसाठी कापला होता मी दयाराम. पण हे जोडकाम माह्यं नाई. मी जोडला असता तं सावली जुळवली असती."

"बाटली पाहिली नव्हतीस?"

"पाह्यली ना. मले वाटलं पाण्याची हाये. बॅनरवर छातीच्या खाली फुलं टाकली, तवा हात झाकला गेला."

"डिझाइन कोणाला दिलं होतंस?"

"छापाची मशीन मलकापूरले हाये. मी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवून लग्नाच्या ऑर्डरीले गेलतो. रंगरावदादाचं माणूस घेऊन जाईन असं ठरलं होतं. कोण आलं ते मी पाह्यलं नाई."

अन्नपूर्णाबाई दयारामच्या थराशेजारची छोटी काळीपांढरी चौकट बघत होत्या. "प्रेम, तू मागचं पुसलंस का झाकलंस?"

प्रेमचा चेहरा बदलला. "झाकलं. पुसत नसतो आमी. गिऱ्हाईक मागाहून म्हणते, मागचं झाड पाह्यजे, मागची गाडी पाह्यजे. मास्क काढला का सारं परत येते."

"मग काढ मास्क."

ज्यानं खोटा फोटो केला त्यानं प्रेमचा दयाराम उचलला आणि कय्यूमच्या दुकानात आणून ठेवला. त्याच्यासोबत झाकलेलं सारं आलंय, हे त्याला कळलंच नव्हतं. प्रेमनं चौकटीवर टिचकी मारली. दुकान दिसेनासं झालं, आणि दयारामच्या पाठीमागे मोठं लख्ख ऊन पसरलं.

विहिरीवरची मोटारीची खोली. निळं दार. दारात फवारणीचा नवा पंप, आणि त्याच्या बाजूला टमाट्याच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये तशाच पांढऱ्या बाटल्या, गच्च भरलेल्या. मध्ये दयाराम. तोंडावर काही बांधलेलं नाही, हातात मोजे नाहीत. मालक फोटो काढतोय म्हणून ताठ उभा राहिलेला.

हवालदार पुढे वाकला. "ही खोली मी पाहिली आहे. रंगरावांच्याच शेतातली, पंचनाम्याला गेलो होतो तिथं."

५

रंगराव ठाण्यात आले ते रुबाबातच. दयारामच्या तेरवीला आपण गावजेवण घातलं, बॅनर लावला, असं सांगू लागले. अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्यापुढे छापून आणलेला उन्हातला फोटो ठेवला. रंगरावांचं बोलणं मध्येच थांबलं.

"फोटू माह्याच फोनमधला हाये," ते म्हणाले. "त्याचा एकट्याचा दुसरा फोटूच नव्हता. जनकाबाईपाशीबी नव्हता. म्हणून बॅनरले हाच दिला."

"बाटल्या कोणाकडून घेतल्या?"

रंगरावांनी फोटो उलटा करून ठेवला.

"जोडलेला फोटो तुम्ही केला?"

"मले फोनवरचा फोटू दुसऱ्याले पाठवता येत नाई, बाई. तेबी मी करून घेतो." हे मात्र ते खरं बोलत होते. लाज वाटत होती म्हणून ते खरं वाटलं.

अन्नपूर्णाबाईंनी ठाणेदारांच्या कानात काही सांगितलं. थोड्या वेळानं पुंजाजी आले. रंगरावांचा जबाब स्कॅन करून जेपीजीमध्ये वर पाठवायचाय, आमच्या ऑपरेटरला जमत नाही, असा निरोप त्यांना गेला होता. पुंजाजी खुर्चीवर बसले. त्यांनी कागद स्कॅन केला, नावाच्या शेवटची तीन अक्षरं खोडली, जेपीजी टाइप केलं. सारं इतक्या सवयीनं झालं की बोलणंही थांबलं नाही. "घ्या साहेब, झालं."

"उठू नका," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी तो आतली अक्षरं दाखवणारा प्रोग्राम लावला आणि पुंजाजींची फाइल उघडली. पहिल्याच ओळीत स्वच्छ दिसत होतं, पी, एन, जी.

"हे नाव बदललं म्हणून आतलं बदललं नाई, पुंजाजीभाऊ. तुम्हाला वाटते बदलते. पोर्टल तुमचा कागद घेते, म्हणून तुमची खात्री पटली. आता ऐका. पेन ड्राइव्हवरची फाइलबी अशीच. आत कच्चं डिझाइन, वरून हातानं टाइप केलेलं जेपीजी. साहेब, ज्यानं हा फोटो केला त्यानं जेपीजी कधी केलाच नाही. सॉफ्टवेअरमधून सरळ छापला आणि जनकाबाईंच्या दारात खोचला. मग तुम्ही मूळ फाइल मागितली. तेव्हा त्यानं तीच कच्ची फाइल घेतली आणि रोज जे करतो ते केलं."

"प्रेमले येते हे सॉफ्टवेअर," पुंजाजी शांतपणे म्हणाले.

"म्हणूनच तो नाही. प्रेम रोज याच फाइलींतून खरे जेपीजी काढतो, नाव खोडून काम भागवायची त्याला गरजच पडत नाही. झाकलेलं सोबत येतं हेही त्याला ठाऊक आहे, तो ते कधी तसंच राहू देणार नाही. कामरानला अक्षर ओळखता येत नाही. रंगरावांना फोन चालवता येत नाही. कापून चिकटवण्याइतकं येतं, पण त्याच्या पुढचं येत नाही, आणि नाव बदललं की फाइल बदलते असं मनापासून वाटतं, असा गावात एकच माणूस आहे."

"हजार माणसं नाव बदलते, बाई. तो गुन्हा होते का?"

"नाही होत. पण खालचा थर राहिलाच." त्यांनी रिकाम्या काउंटरमागच्या कय्यूमचा फोटो समोर ठेवला. "कय्यूमच्या दुकानाचा हा फोटो परवान्याच्या अर्जासाठी काढला होता. कौसर म्हणते, तो घरच्यांनी कुणालाच दिला नाही. अर्ज भरणाऱ्याकडे तेवढा दिला. तुम्हीच सकाळी म्हणालात, फोटूसकट मीच टाकले होते."

पुंजाजींनी रंगरावांकडे बघितलं. ती एक नजर फार झाली. इतका वेळ जे नाव रंगराव टाळत होते, ते बाहेर पडलं.

"मलकापूरहून हाच आणे बाटल्या," रंगराव म्हणाले. "केंद्रात अर्ज भराले गेलो तं म्हणे, दादा, परराज्यातलं औषध हाये, बोंडातल्या आळीलेबी मारते. मी क्रेटच घेतला. बॅनरचं डिझाइनबी त्यानंच नेलं. दयाराम गेला तवा म्हणे, तुमी घेतल्या म्हणून तुमीबी आत जासान. तुमी फक्त गप्प राहा, बाकी मी पाहतो. मी गप्प राह्यलो."

पुंजाजींनी नाकारायचं सोडून दिलं. "बॅनरची फाइल उघडली अन् फुलाईखाली बाटली दिसली," ते म्हणाले. "वाटलं, आज ना उद्या हा फोटू कोणीतरी पाहीन. त्याच्या आधी आपणच दुसऱ्याच्या दुकानात ठेवून द्यावा." मग त्यांनी विचारलं, "वहिनीचं उत्तर मात्र मी नीट टाकलं ना?"

अन्नपूर्णाबाईंना त्याचा राग आला, आणि असा राग आला की उत्तर द्यायलाही त्या थांबल्या नाहीत. सकाळी कौसर याच माणसाच्या दयेनं रडली होती.

६

दुसऱ्या दिवशी ठाणेदारांनी स्वतःच कोर्टाला सारं सांगितलं आणि दुपारी कय्यूम सुटला. कोर्टाबाहेर कौसर होती, अन्नपूर्णाबाई होत्या. थोड्या अंतरावर जनकाबाई उभ्या होत्या. ठाणेदारांनी त्यांना नव्यानं जबाब द्यायला बोलावलं होतं. त्यांच्या हातात उन्हातल्या फोटोची प्रत होती. त्यांनी ती मागून घेतली होती, कारण दयारामचा एकट्याचा फोटो त्यांच्याकडे अजूनही दुसरा नव्हता.

कय्यूम कौसरशी बोलायच्या आधी जनकाबाईंपाशी गेला.

"वहिनी, मी पोलिसाईले खोटं सांगतलं. दयाराम आलता माह्याकडं. आदल्या दिवशी."

जनकाबाईंनी मान वर केली.

"मालकानं पाठवलं म्हणे, आणखी जोरदार औषध द्या. मी म्हणलो, बोंड फोडून पाय. आळी आत बसली हाये. वरून कितीबी फवारलं तरी तिच्यापर्यंत जात नाई. उगाच जिवावर खेळू नको. मी त्याले रिकाम्या हातानं परत पाठवलं." कय्यूमचा आवाज फाटला. "माह्या दुकानातली साधी बाटली देल्ली असती तं मालकानं ती दुसरी त्याच्या हाती देल्ली नसती. तो वाचला असता. कोठडीत मले हेच खात होतं. म्हणून म्हणलो, आलाच नाई."

अन्नपूर्णाबाईंना काल खालच्या मानेचं जे कोडं पडलं होतं ते सुटलं. पण अशा ठिकाणी त्यांचं शास्त्र उपयोगाचं नव्हतं.

जनकाबाई त्याच्याकडे वळल्या.

"त्या राती जेवता जेवता मले सांगे तो. कय्यूमभाऊ म्हणते, फवारून काई होत नाई, जिवाले जप. दुकानदार असून विकत नाई म्हणते, असा माणूस मी पाह्यला नाई, म्हणे. मालकालेबी सांगून पाह्यलं त्यानं. मालकानं ऐकलं नाई." त्यांनी हातातल्या फोटोकडे बघितलं. "माह्याशी त्याचं ते शेवटचं धड बोलणं. अन् दारात फोटू भेटला तं मी त्याचं बोलणं खोटं धरलं. म्हणलं, हा बिचारा भोळा, याले एक सांगतलं अन् मालकाले दुसरं विकलं. माह्या माणसाच्या तोंडचं खरं नाई वाटलं मले. कागदावरचं खरं वाटलं."

"वहिनी, तुमी काय करसान. फोटूच तसा होता."

"तो घरात नव्हता ना सांगाले," जनकाबाई म्हणाल्या. "म्हणून कोणीबी यावं अन् त्याच्या हातात काईबी देऊन त्याले कुठीबी उभं करावं. अन् मीबी मानावं."

कौसर रडू लागली. जनकाबाई रडल्या नाहीत. त्यांनी फोटो घडी पडणार नाही असा पदराखाली धरला आणि अन्नपूर्णाबाईंना विचारलं, "बाई, माणूस गेल्यावर त्याचं बोलणं कोर्टात चालते का?"

"चालवायला लावू," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"मग मले लिहून द्याचं हाये. मालकाचं नाव, बाटलीवाल्याचं नाव, अन् कय्यूमभाऊ काय म्हणला ते. त्यानं जसं सांगतलं तसं सारं."

एवढं बोलून त्या कोणाची वाट न बघता कोर्टाच्या पायऱ्या चढू लागल्या. बाकीची तिघं त्यांच्या मागून गेली.